यंत्राचा जीर्णोद्धार

गेल्या आश्विनांत, दसऱ्याचें तोरण दारावर अजून वाळत होतें तेव्हां, आमच्या घरच्या संगणकानें आम्हांस एक नोटीस दिली. घरमालक भाडेकरूस देतो तशी ती होती. भाषा अदबीची, पण आशय पक्का. विंडोज दहा या नांवाची जी कार्यप्रणाली या यंत्रावर चालते तिची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद होईल, सबब अकराव्या आवृत्तीकडे जावें, असें तींत म्हटलें होतें. आणि त्याच्याच खालीं, किंचित् बारीक अक्षरांत, आपलें यंत्र अकराव्या आवृत्तीस पात्र नाहीं, असेंहि म्हटलें होतें. घर रिकामें करा म्हणून बजावावयाचें, आणि नव्या घरीं तुम्हांस जागा नाहीं हें त्याच कागदावर लिहावयाचें, असा तो मासला होता.

अशा नोटिसांचें भय बाळगूं नये, असें आमच्या शहरानें आम्हांस शिकविलें आहे. मलिक अंबरानें १६१० मध्यें हें शहर वसविलें तेव्हां तें खडकी होतें. त्याच्या मुलानें त्याचें फतेहनगर केलें. पुढें औरंगजेबाच्या सुभेदारींत तें औरंगाबाद झालें. आणि २०२३ पासून सरकारी कागदांवर तें छत्रपती संभाजीनगर आहे. एवढ्या घडामोडींत गुलमंडीवरची गर्दी कांहीं हटलेली नाहीं. तेव्हां दहाचे अकरा झाले म्हणून आपलें काय बिघडलें, असें म्हणून आम्हीं ती नोटीस कोपऱ्यांतल्या फुलीवर टिचकी मारून मिटविली. चार दिवसांनीं ती पुन्हां हजर झाली.

कार्यप्रणाली म्हणजे काय, हें आमच्या मुलीनें आम्हांस एकदां समजावून दिलें होतें. आम्हीं त्याचें आपल्या बुद्धीस झेपेल असें भाषांतर करून ठेविलें आहे, तें असें : कार्यप्रणाली हा घरचा कारभारी होय. यंत्राचे धातूचे अवयव एका बाजूस, आणि आपलें लिहिणें, हिशेब, छायाचित्रें दुसऱ्या बाजूस. मध्यें हा उभा. कोठीच्या किल्ल्या याच्या कमरेला. दारांत आलेल्यास आंत घ्यावयाचें कीं ओसरीवरूनच परत लावावयाचें, हें याच्या हातीं. कारभारी बदलला तरी भिंती त्याच राहतात. पण जुन्या गड्यांना कामावर ठेवावयाचें कीं नाहीं, हें नव्याच्या मर्जीवर असतें. आमची सारी अडचण अशा एका जुन्या गड्यापायीं होती.

ती सांगावयाची तर थोडें मागें गेलें पाहिजे. आमच्या घरीं पहिला संगणक आला तो २००३ सालीं, आणि तो आमच्या वडिलांसाठीं. नाना जिल्हा परिषदेच्या शाळेंतून १९९२ मध्यें निवृत्त झाले होते. त्यांचा जन्म १९३४ चा, कन्नड तालुक्यांतील एका खेड्यांतला. म्हणजे पहिलीं चौदा वर्षें निजामाच्या राज्यांत गेलेलीं. त्या राज्यांत वरच्या इयत्तांचें शिक्षण उर्दूंतून होई. त्यामुळें नानांचें त्रैराशिक उर्दूंत, घरचें बोलणें मराठींत, आणि आजोबांचे कागद कांहीं मोडींत तर कांहीं उर्दूंत, असा तो संसार होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य गेलें. पुढें शाळाहि मराठी झाल्या. नाना मराठीचेच शिक्षक झाले. पण मनांतल्या मनांत बेरीज करतांना त्यांचे ओठ हलत, ते अखेरपर्यंत उर्दूंतच.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीं त्यांनीं संगणक शिकावयास घेतला, तो आठवणी लिहिण्यासाठीं. मराठी लिहिण्याचा प्रोग्रॅम एका छापखानेवाल्या स्नेह्यानें आणून दिला. तो त्या वेळींहि जुनाच होता. विंडोजच्या अगदीं आरंभींच्या आवृत्त्यांसाठीं केलेला. परंतु नानांचीं बोटें त्या कळफलकावर एकदां बसलीं तीं बसलीं. दुपारची झोप, मग चहा, आणि मग दोन तास त्यांच्या खोलींतून टकटक ऐकूं येई. २०११ मध्यें यंत्र नवें आलें, विंडोज सात आली. नानांनीं पहिली चौकशी केली ती आपल्या प्रोग्रॅमची. २०१६ च्या जुलैंत, दहावी आवृत्ति फुकट मिळण्याची मुदत २९ तारखेस संपत होती म्हणून आम्हीं ती घाईघाईनें चढविली, तेव्हां दोन दिवस तो प्रोग्रॅम उघडेना. नाना जेवले, फिरावयास गेले, पण आमच्याशीं बोलले नाहींत. मुलीनें आडबाजूला पडलेला एक जुना भाग मुद्दाम चालूं करून दिला, तेव्हां टकटक पुन्हां सुरू झाली. २०१९ च्या श्रावणांत नाना गेले. मागें तीनशें बारा पानें राहिलीं, एकाच फाइलींत. फाइलीचें नांव, "नाना १".

दिवाळीस मुलगी पुण्याहून आली तेव्हां आम्हीं तिच्यापुढें ती नोटीस मांडली. तिनें यंत्र उलटेंसुलटें तपासलें आणि म्हणाली, "बाबा, हें यंत्र दहावर चढलें हेंच पुष्कळ झालें. अकरावर नाहीं चढायचें." कारणें अशीं निघालीं. अकराव्या आवृत्तीस निदान चार गिगाबाइट मेमरी लागते, आमच्याकडे दोन. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो, कांहीं थोडे अपवाद सोडतां, आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. आमचा दुसऱ्या पिढीचा. शिवाय टीपीएम २.० म्हणून एक चीज लागते. ती संगणकाच्या गुप्त किल्ल्या संभाळते, आणि ती आमच्या यंत्रांत मुळांतच नाहीं. येथवर सारें ठीक होतें. नवें यंत्र विकत घेतां येतें. खरा फास पुढें होता. विंडोज अकरा ही केवळ चौसष्ट बिटांची आहे. बत्तीस बिटांची परंपरा कंपनीनें दहापाशींच संपविली. आमचें घर २०११ पासून बत्तिसावर चालत आलेलें, आणि नानांचा प्रोग्रॅम सोळाचा. बत्तिसाचा कारभारी सोळाच्या गड्यास कुरकुरत कां होईना ठेवून घेतो. चौसष्टाचा त्यास दारांतहि उभें करीत नाहीं.

"फाइल तरी उघडेल ना?" आम्हीं विचारलें. तिनें ती आपल्या लॅपटॉपवर नेऊन उघडून दाखविली. पडद्यावर रोमन अक्षरें, कंस, टिंबें आणि उद्गारचिन्हें यांचा सडा पडला होता. त्यांत नानांचें एकहि अक्षर नव्हतें.

हा प्रकार आमच्या पिढीच्या पुष्कळ मराठी घरांत घडला असेल, म्हणून त्याचें कारण येथें सांगून टाकतों. यंत्रास अक्षर कळत नाहीं, आंकडा कळतो. कोणत्या अक्षरास कोणता आंकडा, याचा जगानें मिळून केलेला करार म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ति १९९१ ची, आणि तींत देवनागरी होती. तीहि आपल्याच देशांत १९८८ मध्यें ठरलेल्या इस्की या मांडणीवर बेतलेली. या करारांत 'क' चा आंकडा २३२५ आहे, आणि तो पुण्यांत, टोकियोंत, कोठेंहि तोच. परंतु करार होणें निराळें आणि तो घरोघर पाळला जाणें निराळें. विंडोजमध्यें देवनागरीचा संसार नीट मांडला जाण्यास २००० साल उजाडलें. तोंवर आपलीं दैनिकें, आपले छापखाने हात बांधून कसे बसणार? त्यांनीं एक तोडगा काढला. रोमन अक्षरांचे जे आंकडे यंत्रास आधींच ठाऊक होते, त्यांच्यावरच मराठी अक्षरांचे तुकडे बसविले : अर्धा 'ग' एका आंकड्यावर, काना दुसऱ्यावर, वेलांटी तिसऱ्यावर. यंत्र समजे कीं आपण इंग्रजी लिहीत आहों. डोळ्यांना दिसे मराठी. मात्र ही वांटणी प्रत्येक कंपनीनें आपापल्या मनानें केली. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपास लागेना. त्यांतून नानांच्या प्रोग्रॅमचे फाँट त्याच्याच पोटांत बंद होते. ते सुटे काढून दुसरीकडे नेतां येत नव्हते. तो प्रोग्रॅम चालेल तोंवर नाना बोलणार, तो थांबला कीं टिंबें आणि कंस.

वाळूजच्या एका कारखान्यांतून निवृत्त झालेले आमचे एक अभियंते-स्नेही आहेत. सकाळच्या फिरण्यांत आमच्याबरोबर असतात. जें चालतें त्यास हात लावूं नये, असें त्यांचें मत. "आपली नहर पाहा," ते म्हणाले. "मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं डोंगराकडचें पाणी खापरी नळांतून, जमिनीखालून गांवांत आणलें. पंप नाहीं, वीज नाहीं; नुसता उतार. शतकानुशतकें चाललें. आणि तुमची ही कंपनी २०१५ ची वस्तु २०२५ ला मोडींत काढते!" हा युक्तिवाद आम्हांस इतका गोड वाटला कीं दोन दिवस आम्हीं तो ज्याला त्याला ऐकविला. तिसऱ्या दिवशीं मनांत आलें कीं त्या नहरीच्या वाटेंत जागोजाग उतरण्याच्या विहिरी कां बांधल्या असाव्यात? गाळ काढणारा माणूस आंत उतरावा म्हणून. पुढें तो हात थांबला, वर घरें उठलीं, रस्ते खणले गेले, आणि नहरीचा बराचसा भाग कोरडा पडला. गाळ निघत होता तितके दिवस नहर टिकली. कंपनी "देखभाल बंद" म्हणते त्याचा अर्थहि एवढाच असावा कीं यापुढें गाळ काढावयास कोणी उतरणार नाहीं. हें आम्हीं स्नेह्यांस सांगितलें. ते म्हणाले, "मग गाळ काढा कीं! नवी नहर कशाला?" बोलण्यांत त्यांना हरविणें आम्हांस आजवर साधलेलें नाहीं.

गाळ सांचला तर काय होतें, याचें उदाहरण मुलीनें दिलें. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय या नांवाचा एक उपद्रव सुमारें दीडशें देशांतील संगणकांत शिरला. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागूं लागला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रोग्यांना परत पाठवावें लागलें. ज्या भोंकांतून तो शिरला तें बुजविण्याचा गिलावा कंपनीनें त्याच वर्षींच्या मार्चमध्यें दिलेला होता. पण पुष्कळांनीं तो लावलाच नव्हता. आमच्या यंत्रावर कर भरण्याचे कागद, बँकेचा पत्रव्यवहार, आणि त्यांच्या शेजारीं "नाना १". "आणि तिची दुसरी प्रत कोठें आहे?" मुलीनें विचारलें. आम्हीं खिडकीबाहेर पाहिलें.

मार्ग मात्र एकाहून अधिक होते, आणि माणसाचें चित्त अशा वेळीं सर्वांत निरुपद्रवी मार्गाकडे धांवतें. कंपनीनें घरगुती ग्राहकांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एका वर्षाची सवलत ठेविली होती. तीस डॉलर भरावे, किंवा आपल्या यंत्राची मांडणी तिच्या खात्यांत जमा ठेवावी म्हणजे फुकट. मुदतवाढ हा शब्द सरकारी नोकरींत जन्म गेलेल्या माणसास किती मधुर लागतो, हें इतरांस कळावयाचें नाहीं. लिनक्सचेंहि नांव निघालें. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सनें १९९१ मध्यें सुरू केलेली ती कार्यप्रणाली जगभरच्या लोकांनीं मिळून वाढविली आहे, पैसा पडत नाहीं, आणि जुन्या यंत्रांवरहि ती चालते. पण साठी उलटल्यावर नव्या गांवीं बिऱ्हाड करण्याचा हुरूप आमच्या अंगीं नव्हता, याहून तिच्याविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. सर्वांत चतुर तोडगा मुलीनेंच सुचविला. नव्या यंत्राच्या पोटांत एक जुनें यंत्र सोंगासारखें उभें करतां येतें. त्यास वाटतें आपण २०११ तच आहों. त्यांत नानांचा प्रोग्रॅम, त्यांत त्यांची फाइल. कांहीं हलवावयास नको, कांहीं बदलावयास नको. आम्हांस तो तोडगा तात्काळ पटला. एवढा तात्काळ, कीं आमच्या सौभाग्यवतींस संशय आला.

त्या भाऊबिजेच्या करंज्या डब्यांत भरीत होत्या. हात न थांबवितां त्या म्हणाल्या, "अहो, पण तुम्हीं तें वाचलंत का कधीं?"

नव्हतें वाचलें. सहा वर्षें ती फाइल घरांत होती, आणि ती सुरक्षित आहे हें आम्ही वरचेवर पाहून घेत होतों. दिवाळीच्या साफसफाईंत यंत्रावरची धूळहि आम्हीं स्वतःच्या हातानें पुसत असूं. पण फाइल उघडली कीं पहिलें पान दिसे, आणि आम्ही ती मिटत असूं. याचें कारण घरांत सर्वांस ठाऊक होतें व कोणी बोलत नव्हतें. २००८ सालीं आम्हीं कन्नडकडचें वडिलोपार्जित शेत विकलें. सिडकोंतील हें घर त्या पैशांतून झालें. शेत नानांच्या नांवावर होतें. आम्हीं आग्रह धरला, हिशेब मांडून दाखविले, आणि एका सकाळीं त्यांनीं निबंधकाच्या कचेरींत जाऊन सही केली. पुढें अकरा वर्षें ते या घरांत राहिले, त्या विषयाचा एक शब्द त्यांनीं काढला नाहीं. ते रोज दुपारीं दोन तास काय लिहीत होते, हें आम्हांस ठाऊक करून घ्यावयाचें नव्हतें. जुना प्रोग्रॅम, जुनें यंत्र, सोळाचे बिट हीं सारीं आमच्या फार उपयोगीं पडत होतीं.

मुलगी परत जाण्यापूर्वीं तिनें फाइलीच्या दोन प्रती काढल्या आणि अक्षरांचे आंकडे युनिकोडमध्यें फिरवून घेतले. अशा अदलाबदलीस साधनें मिळतात. पण तीं हमाली करतात, शहाणपण करीत नाहींत. जुन्या मांडणींत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं लिहीत, नव्या मांडणींत ती नंतर येते. रफाराचें त्याच्या उलट. त्यामुळें जागोजाग निजामाचा "नजिाम" झाला होता, अर्जाचे "अजर्" झाले होते, आणि वऱ्हाडचा 'ऱ्हा' कोठें "र्हा" झाला होता तर कोठें नाहींसाच झाला होता. एकएक ओळ मुळाशीं ताडून पाहण्यावांचून गत्यंतर नव्हतें. म्हणजे वाचण्यावांचून.

कार्तिकापासून आम्ही रोज रात्रीं बसूं लागलों. सौभाग्यवती जुन्या पडद्यावरून मोठ्यानें वाचीत, आम्ही मुलीनें ठेवून दिलेल्या लॅपटॉपवर दुरुस्त करीत असूं. एका बैठकींत पांच पानें झालीं तर पुष्कळ. लॅपटॉपवरचा शुद्धलेखनाचा पहारेकरी नानांच्या शब्दांखालीं तांबड्या रेघा ओढी : जमाबंदी, हाली, चावडी, मदरसा. त्या रेघा आम्हीं तशाच राहूं दिल्या. नानांची भाषा आम्हांस ठाऊक होती तिच्याहून निराळी निघाली. बोलण्यांत ते सुविचार फार सांगत. लिहिण्यांत एकहि नव्हता. शाळेंत पाटीवर थुंकी लावून पुसलें म्हणून खाल्लेला मार होता. हाली शिक्क्याचे रुपये इंग्रजी रुपयांत मोजतांना बाजारांत होणारी फसवणूक होती. रझाकारांच्या दिवसांत आजीनें दागिने कोठें पुरले आणि नंतर ते नेमके कोठें पुरले होते यावरून आजोबांशीं किती भांडली, याचीं तीन पानें होतीं. त्या पानांवर सौभाग्यवतींना वाचन थांबवून पदर तोंडाला लावावा लागला, इतकें हंसूं आलें.

शेताचा मजकूर दोनशें एक्क्याण्णवाव्या पानावर आला. आदल्या रात्रीं तो जवळ आल्याचें आम्हांस कळलें होतें, कारण सिडकोचें नांव आलें होतें. त्या रात्रीं आम्हीं डोळे दुखत असल्याचें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं बसलों. सौभाग्यवतींनीं वाचलें : "शेत विकलें. सही केली. पेन नीट चालत नव्हतें, दोनदां करावी लागली." त्यापुढें नवा परिच्छेद होता : "आतां ट्रंकेंतल्या कागदांचा कोणास उपयोग नाहीं. पण काय आहे तें लिहून ठेवतों. पुढें हे वाचणारें घरांत कोणी राहणार नाहीं."

ती ट्रंक माळ्यावर आहे. आजोबा पटवाऱ्याच्या हाताखालीं लिहिणें करीत. त्यांचे मोडी आणि उर्दू कागद तींत गुंडाळलेले आहेत. आम्हांस मोडी येत नाहीं, उर्दू येत नाहीं. नाना गेल्यापासून ती ट्रंक आम्हीं वाळवीच्या औषधापुरती उघडली होती. नानांनीं एकएक कागद क्रमांक घालून उतरवून ठेविला होता : कोणाचा, कोणास, कोणत्या फसली सालीं, कशाबद्दल, आणि शेवटीं त्यांच्या आठवणींत त्या माणसाचें जें असेल तें. खालच्या विहिरीच्या पाण्याची वांटणी. एका चुलत्याची कर्जाची फेड, तिच्यावर साक्षीदाराचा आंगठा, आणि तो साक्षीदार पुढें कसा बैलानें मारला त्याची हकीकत. असे अकरा कागद झाले होते. मग तीनशें बाराव्या पानावर एक ओळ, "बारावा कागद : अजर्", आणि पुढें कांहीं नाहीं.

नवें यंत्र आम्हीं मार्गशीर्षांत घेतलें, अकराव्या आवृत्तीसह. सोंगाचें यंत्र त्याच्या पोटांत उभें केलें नाहीं. वर्षाची मुदतवाढहि मागितली नाहीं. जुन्या यंत्राची इंटरनेटची तार काढून टाकली आणि तें नानांच्या खोलींत त्यांच्याच मेजावर ठेविलें. ताडून पाहण्यास तें अजून लागतें, आणि त्यास बाहेरचा कोणी भेटावयास येत नाहीं तोंवर त्याला धोकाहि नाहीं. दुकानदारानें जुन्याच्या बदल्यांत कांहीं रक्कम वजा करून देऊं केली होती. ती इतकी थोडी होती कीं नाहीं म्हणण्यांत आमच्या मनाचा मोठेपणा कांहीं दिसला नाहीं. नव्या यंत्राशीं आमचें अजून पुरतें जमलेलें नाहीं. तें वारंवार आम्हांस खातें उघडण्यास सांगतें, आणि खालची पट्टी कोपऱ्यांत असावयाची ती मध्यें आणून ठेवते त्यांचें लॉजिक आम्हांस कळत नाहीं. मुलगी म्हणते ती कोपऱ्यांत नेतां येते. नेऊं केव्हां तरी.

पौषांत एके दिवशीं आम्हीं ट्रंक उतरविली. नानांनीं कागदांच्या पाठीवर पेन्सिलीनें क्रमांक घातले होते. बारावा लगेच सांपडला. तो उर्दूंत होता. उर्दू वाचणाऱ्यांची या शहरांत वाण नाहीं. शहागंजच्या बाजूस एक वृद्ध निवृत्त उर्दू शिक्षक राहतात, त्यांच्याकडे एका परिचितांनीं आम्हांस नेलें. त्यांनीं कागद उजेडाकडे धरला, भिंग लावलें, आणि स्वच्छ मराठींत म्हणाले, "तहसीलदारांच्या नांवें अर्ज आहे. फसली १३५५, म्हणजे आपलें १९४५-४६. पाऊस कमी झाला म्हणून धान्याच्या लेव्हींत सूट मागितली आहे. शिक्का नाहीं. दिलेला दिसत नाहीं, किंवा ही नक्कल असेल." मग त्यांनीं भिंग पुन्हां खालीं आणलें. "अक्षर मोठ्या माणसाचें नाहीं हें. मुलाचें आहे. 'तहसीलदार' दोनदां खोडलाय."

आमच्या आजोबांस उर्दू येत नव्हती. नाना त्या वर्षीं अकरा-बारा वर्षांचे होते, आणि घरांत उर्दू लिहिणारे ते एकटेच. आम्हीं हें त्यांस सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले, "मग पुन्हां एकदां वाचतों. सावकाश. तुम्ही लिहून घ्या."

तें आम्हीं लिहून आणलें. संध्याकाळीं नव्या यंत्रावर "नाना १" उघडली. शेवटच्या ओळींतला रफार उचलून 'ज' वर ठेविला, आणि त्याच्या खालीं अर्ज उतरवूं लागलों. युनिकोडच्या कळफलकावर आमचीं बोटें अजून चांचपडतात. 'तहसीलदार' लिहितांना आमच्याहि दोन चुका झाल्या. सहाव्या ओळीशीं पोंचलों होतों, तोंच आंतून हांक आली कीं नळाला पाणी आलें आहे, आधीं टांकी भरून घ्या.